वेटिंग एक

रविवार, १५ जुलै १९८४. वर्ध्याच्या आमच्या रेल्वे क्वार्टरची पुढची खोली. हजर: बाबा, आई, नाचणगावचा मामा, धाकटी बहीण आणि मी. गैरहजर कोणी नाही. विषय एकच: धाकटीला इंजिनिअरिंगला कुठे घालायचं.

बैठकीची अशी नोंद ठेवायची मला तेव्हाही सवय होती. मी एका सरकारी कचेरीत कारकून होते आणि घरातलं कोणतंही काम कागदावर उतरल्याशिवाय मला ते झाल्यासारखं वाटत नसे. मामा याची थट्टा करायचा. त्या दिवशीही मी वही उघडली तसा तो म्हणाला, "आली का मॅडम? तुह्या बापाच्या साळेबुवानं, म्हणजे म्या, चहा दोनदा घेतला, हेबी लिहिजो."

कोणी हसलं नाही.

परिस्थिती अशी होती. धाकटीला बारावीत आमच्या सगळ्या नात्यात कोणाला पडले नव्हते इतके मार्क पडले होते. नागपूरच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजची यादी लागली, तीत तिचं नाव नव्हतं. ते खालच्या यादीत होतं, प्रतीक्षा यादीत, पहिल्या क्रमांकावर. वर कोणी एकाने जागा सोडली की आत जाणारी पहिली मुलगी तीच. दुसरीकडे नागपूरच्याच बाहेर एक खाजगी कॉलेज नव्याने निघालं होतं. एका संस्थेचं. त्यांनी धाकटीसाठी जागा धरून ठेवली होती, पण बुधवारपर्यंतच. बुधवारी डोनेशन भरलं तर जागा तिची, नाही तर दुसऱ्याची.

बुधवार की वाट पाहायची, एवढाच प्रश्न होता. इतका सोपा प्रश्न मी माझ्या नोकरीत फाइलवर कधी पाहिला नाही, आणि इतका जीव घेणाराही नाही.

आदल्या आठवड्यात मी रजा टाकून धाकटीला घेऊन दोन्ही ठिकाणं पाहून आले होते. जाताना प्रश्न लिहून नेले होते. मुलींचं होस्टेल कुठे, वर्कशॉप आहे की नाही, लायब्ररी किती वाजता बंद होते, शिकवायला कोण आहे, शहरात यायला बस मिळते का. दोन्हीकडे तेच प्रश्न विचारायचे म्हणजे तुलना नीट होते.

खाजगी कॉलेज एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात होतं. भिंतींना नवा चुना, फाटकावर नवी पाटी. आम्हाला आत बोलावलं, खुर्च्या दिल्या, चहा दिला. ऑफिसातल्या गृहस्थांनी मला 'ताई' म्हटलं आणि पहिला प्रश्न विचारला, "वडील काय करतात?" मी सांगितलं. मग विचारलं, "शेती?" मी सांगितलं, मामाची आहे. ते मान हलवून कागदावर काहीतरी लिहीत राहिले. वर्कशॉप दाखवायला नेलं तेव्हा तिथे लाकडी खोकी होती, खिळेसुद्धा न काढलेली. "दिवाळीपर्यंत सगळं बसेल," ते म्हणाले. मुलींना आणायला-सोडायला स्वतंत्र बस मिळणार होती. होस्टेलला जाळी लावलेली होती, वॉर्डन बाई होत्या. माझ्या यादीतल्या बहुतेक प्रश्नांना बरी उत्तरं मिळाली. शिकवणारे कोण, याला मात्र उत्तर मिळालं की सरकारी कॉलेजातूनच नुकतेच बाहेर पडलेले हुशार तरुण आहेत.

सरकारी कॉलेजात आम्हाला कोणी बसा म्हटलं नाही. खिडकीतल्या कारकुनाने वर न बघता विचारलं, "मार्क किती?" धाकटीने सांगितले. "वेटिंग वन," तो म्हणाला आणि पुढच्याकडे वळला. लायब्ररीच्या पायऱ्यांवर पोरं पुस्तकं मांडीवर घेऊन बसली होती, कारण आत जागा नव्हती. मुलींचं बाथरूम कुठे, हे तीन जणांना विचारावं लागलं. वर्कशॉपचा दरवाजा उघडा होता. आत जुनी, काळी पडलेली मशिनं चालू होती, आणि एक मास्तर एका मुलावर असे ओरडत होते की मी दोन पावलं मागे सरले. धाकटी पुढे गेली. ती दारातच उभी राहिली, बराच वेळ.

"ताई, मले हे पायजे," ती म्हणाली.

"हे म्हणजे काय? त्या पोराला रडवलं त्यांनी."

"रडवू दे. तिकडे बाबा काय करतात विचारलं. अठी मार्क विचारले."

माझ्या यादीत हा प्रश्न नव्हता. परत येताना पॅसेंजरमध्ये मी दोन रकाने पाडले. होस्टेल, बस, आपुलकी हे सगळं खाजगीच्या बाजूला गेलं. सरकारीच्या बाजूला फी जवळजवळ नाही, मशिनं चालू, नाव मोठं. आणि खाली मी लिहिलं: तिला तेच पाहिजे.

तर रविवारच्या बैठकीत हे सगळं मी वाचून दाखवलं. मामा खाजगीच्या बाजूने होता. त्याची शेती बरी होती, डोनेशनचा मोठा वाटा तो देणार होता, आणि परत मागणार नव्हता. "भाऊजी, पोरगी आपली हाय," तो म्हणाला. "सरकारी दवाखान्यात बाळंतपण करत नाई आपन, तं सरकारी कॉलेजाचं एवढं काऊन?"

बाबा वर्धा स्टेशनवर रिझर्व्हेशनच्या खिडकीवर होते. उभी हयात त्यांची तिथेच गेली. मुंबई लाइन, मद्रास लाइन, दोन्हींची माणसं त्यांच्यासमोर हात जोडून उभी राहायची आणि ते कोणाकडून सुपारीसुद्धा घेत नसत. ते म्हणाले, "डोनेशन देनं म्हणजे काय, सांगू का तुले? टीसीच्या हातात नोट कोंबायची आन बर्थवर जाऊन झोपायचं. ज्याचा नंबर होता तो संडासापाशी उभा. जन्मभर मी त्या नोटेले हात नाई लावला. आता पोरीले त्या बर्थवर झोपवू?"

"पन तिचा नंबर लागला नाई तं?" आई म्हणाली.

"वेटिंग एक आहे! वीस नाई, पन्नास नाई. एक!" बाबा बोट वर करून म्हणाले. "वेटिंग एक असलेला पॅसेंजर प्लॅटफॉर्मवर राह्यलेला मी आजपर्यंत पाह्यला नाई. कोणी ना कोणी कॅन्सल करतेच. कोणाले मेडिकल भेटते, कोणाचा बाप मरते."

"शुभ बोला," आई म्हणाली.

मी धाकटीकडे पाहिलं. तिला विचारा, मी म्हटलं. तिने सतरंजीवरची नजर न उचलता सांगितलं, "बाबा म्हनतात ते."

ठरलं. मी निर्णय लिहिला आणि त्याखाली एक शंका लिहिली, कारण ती मला त्या दिवसापासून टोचत होती. खिडकीतल्या कारकुनाला मी विचारलं होतं की नंबर लागला तर कळवाल का, आणि तो म्हणाला होता, "बोर्डावर लागेल." मी बाबांना म्हटलं, आपल्यापैकी कोणीतरी रोज जाऊन बोर्ड पाहिला पाहिजे.

बाबा हसले. त्या बैठकीत ते एकदाच हसले. "बोर्डावर लागते तो चार्ट. चार्ट लागला की वेटिंगवाल्याचं नाव वर चढून बसलेलं असते. सीट कुठी पळून जाते का? आपन फक्त पाह्यचं आन बसायचं."

बुधवार आला आणि गेला. त्या दिवशी मी कचेरीत एकच पत्र दोनदा टाइप केलं.

गुरुवारी संध्याकाळी बाबा पत्र्याची मोठी पेटी घेऊन आले. होस्टेलला जाणाऱ्या पोरांच्या पेटीवर नाव, कॉलेज आणि गाव रंगवून घ्यायची आमच्याकडे तेव्हा रीत होती. बाबांनी ते स्टेशनच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून करून घेतलं. त्याच्याकडे जो रंग होता तोच त्याने लावला. पिवळी जमीन आणि त्यावर काळी, जाड, सरळ अक्षरं. वर धाकटीचं नाव, मधे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, नागपूर, आणि खाली वर्धा. घरात एक छोटं स्टेशन आल्यासारखं दिसत होतं.

"अजून नंबर कुठी लागला?" आई म्हणाली.

"रंग सुकेपर्यंत लागते," बाबा म्हणाले.

धाकटी रोज त्या पेटीत एकेक वस्तू ठेवायची आणि रोज काढायची. चादर, टॉवेल, कंपास. आधी मला वाटलं ती उत्साहात आहे. मग लक्षात आलं की तिचं जेवण कमी झालंय आणि पोस्टमन गल्लीत शिरला की ती मोरीत जाऊन नळ सोडते, म्हणजे सायकलची घंटा आपल्या दाराशी थांबली नाही हे ऐकावं लागू नये. आई देवासमोर बसायची आणि उठताना म्हणायची, "कोन्याच्या पोराचं वाईट नको होऊ दे, पन एक जागा खाली होऊ दे." हे असं मागणं देवाने कसं पुरवायचं, मला कळेना.

मला रजा मिळत नव्हती. वर्षाची बहुतेक रजा मी आईच्या ऑपरेशनला वापरली होती. मी बाबांच्या मागे लागले. तुमच्याकडे पास आहे, ड्यूटी संपली की जा. ते म्हणाले, "काम सोडून बोर्ड पाह्यले जाऊ? आपला मानूस जाते ना रोज." आपला माणूस म्हणजे नागपूर पॅसेंजरवरचे एक गार्ड, बाबांचे जुने दोस्त. बाबांनी त्यांना धाकटीचं नाव कागदावर लिहून दिलं आणि सांगितलं, यादीत नाव कुठे आहे तेवढं पाहून या.

गार्डकाका भले माणूस. सुट्टीच्या वेळात सायकल मागून कॉलेजात गेले. एकदा गेले, दोनदा गेले. दोन्ही वेळा परत येऊन बाबांच्या खिडकीशी सांगून गेले, "जसंच्या तसं आहे. वेटिंग एक."

"पाह्य," बाबा घरी येऊन म्हणाले, "चार्ट लागला नाई अजून."

ऑगस्ट उजाडला. कॉलेजं सुरू झाल्याचं पेपरात आलं, तेव्हा मात्र मी साहेबांसमोर उभी राहिले आणि बिनपगारी रजा मागितली. बाबा, धाकटी आणि मी, तिघं निघालो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पेटी घ्यायची का, असंही त्यांनी एकदा विचारलं. मी नको म्हटलं.

बोर्डाजवळ गेलो. यादी होती तिथेच होती, कडा वळलेल्या, धाकटीचं नाव पहिलं. तिच्या शेजारी, हातभर अंतरावर, दुसरा कागद होता. त्यावर कोणाचंच नाव नव्हतं. प्रतीक्षा यादीतील उमेदवारांनी अमुक दिवशी सकाळी मूळ कागदपत्रांसह प्रत्यक्ष हजर राहावे, अनुपस्थित उमेदवाराचा हक्क राहणार नाही. तो दिवस होऊन गेला होता. गार्डकाकांना नाव पाहायला सांगितलं होतं. त्यांनी नाव पाहिलं.

मी तो कागद वाचला, पुन्हा वाचला. मग खिडकीशी गेले. तोच कारकून.

"पुकारलं होतं," तो म्हणाला. "तीन वेळा पुकारलं. तुम्ही हजर नव्हता."

"जागा रिकामी झाली होती?" मी विचारलं.

"दोन झाल्या. दोन नंबर आणि चार नंबर व्हरांड्यात होते, त्यांना दिल्या. तीन नंबरही आले नव्हते."

बाबा मला बाजूला सारून पुढे आले. "पन चार्टवर नाव चढवलं नाई तुमी."

"कसला चार्ट?"

"वेटिंग एक आहे ना हे. आधी एकले द्यायचं मंग दोनले. एक असताना चारले सीट कशी देता? असा कायदा नाई."

"अहो काका, हजर नव्हता तुम्ही."

"हजर नसलं म्हणून काय झालं? नंबर तं आहे!" बाबांचा आवाज चढला. "मानूस डब्यात नसला तरी पुढच्या स्टेशनपर्यंत बर्थ धरून ठेवतो आम्ही. पुढच्या स्टेशनपर्यंत!"

मागच्या रांगेतली पोरं हसली. त्यातलं एक म्हणालं, "काका, ही गाडी सुटली." ते वाईट पोरगं नव्हतं; तोंडाशी आलं, बोलून गेलं. कारकुनाने पहिल्यांदा मान वर केली, धाकटीकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "मार्क चांगले होते हो हिचे." हे त्याने म्हटलं नसतं तर बरं झालं असतं.

तिथून पुढे जे केलं ते कोणी ठरवून केलं नाही. बाबा फाटकाबाहेर आले, सायकलरिक्षा थांबवली आणि खाजगी कॉलेजचं नाव सांगितलं. वाटेत मी म्हटलं, बाबा, बुधवार होऊन किती दिवस झाले. त्यांनी ऐकलं नाही. तेच ऑफिस, त्याच खुर्च्या. या वेळी बसा कोणी म्हटलं नाही, कारण खोली भरलेली होती. बाबा टेबलापाशी गेले आणि त्यांनी हात जोडले. त्यांच्या खिडकीसमोर लोक जोडायचे तसे. "साहेब, चूक झाली. मामा पैसे देते पोरीचा. आजच्या आज आनतो."

ते गृहस्थ खरंच सौजन्याने वागले. उठून बाबांचे हात खाली केले. म्हणाले, "काका, वर्ग भरला. आमच्याकडे प्रतीक्षा यादी नसते. जो वेळेवर आला त्याला जागा दिली. पुढच्या वर्षी या, आधी या, मी स्वतः लक्ष घालतो."

बाहेर आल्यावर मी आवाराकडे पाहिलं. लाकडी खोकी अजून तशीच होती.

परतीच्या पॅसेंजरमध्ये बाबा दाराशी उभे राहिले, जागा असून. बुटीबोरी गेल्यावर धाकटी मला म्हणाली, "ताई, वर्ध्याच्या कॉलेजात बी.एस्सी.चे अॅडमिशन कधीपर्यंत आहेत?" मी म्हटलं, पुढच्या वर्षी पुन्हा करू ना अर्ज, मार्क तर आहेत. ती म्हणाली, "एक वर्ष घरी बसली तर पाहुणे यायला लागतील. मंग बसनंच होते." ती बरोबर बोलत होती. आमच्या आळीत घरी बसलेल्या मुलीला विचारायला दसऱ्यानंतर माणसं यायचीच. मी वही काढली आणि उद्याच्या तारखेखाली लिहिलं: शाळेच्या दाखल्याच्या सत्यप्रती, दोन फोटो, कॉलेजात चौकशी. अक्षर वाकडं आलं. गाडी हलत होती.

आई दारात उभी होती. तिने आमची तोंडं पाहिली. ती आत गेली आणि पेटीवर जुनी सोलापुरी चादर टाकली.

बाबांना कोणी दोष दिला नाही. मामासुद्धा आला आणि पिकापाण्याचं बोलून गेला. दिला असता तर त्यांना बरं पडलं असतं, असं मला नंतर वाटायचं. मीच एकदा रागात भांडी आपटली, तेव्हा ते म्हणाले, "बोल व, बोलून टाक." मी भांडी उचलून पुन्हा फळीवर लावायला घेतली. पुढे खिडकीवर ते वेटिंगचं तिकीट हातात देताना प्रत्येकाला सांगायला लागले, "नंबरच्या भरवशावर घरी नको बसजो बाप्पा. स्वतः हजर राहजो." माणसं त्यांच्याकडे विचित्र नजरेने पाहत. रेल्वेत त्याची गरज नव्हती.

धाकटीने बी.एस्सी. केलं, मग नागपूरला राहून गणितात एम.एस्सी. केलं. होस्टेलला जाताना तिने माझी सुटकेस नेली. आणि दशक संपता संपता तिला नोकरी लागली ती त्याच खाजगी कॉलेजात, पहिल्या वर्षाच्या मुलांना गणित शिकवायला. तोवर खोकी उघडली गेली होती, इमारत उभी राहिली होती, लायब्ररीत बसायला जागा होती. पोरं बरी आहेत, ती सांगते. नीट राहतात, नमस्कार करतात, बाप काय करतो हे न विचारता सांगतात. काही तर खरोखर हुशार आहेत. सरकारीतली पोरं मात्र मास्तरांशी भांडतात, असं ती तिकडे एकदा गणिताचं व्याख्यान देऊन आल्यावर म्हणाली. "इंटिग्रेशन चुकलं तर आमचे पोरं म्हनतात, मॅडम, परीक्षेत येईल का? तिकडचा एक पोरगा म्हने, मॅडम, तुमीच चुकल्या." एवढं सांगून ती हसली, आणि मग हसणं थांबवून ताटातला भात कालवत बसली. जेवली नाही.

बाबांनी त्या ऑगस्टनंतर तिच्या कॉलेजात पाऊल टाकलेलं नाही. तिने अनेकदा बोलावलं. ते म्हणतात, येतो, एखाद्या रविवारी. रविवारी कॉलेज बंद असतं, हे त्यांना माहीत आहे.

बाबा रिटायर झाले तेव्हा आम्ही क्वार्टर सोडून वर्ध्यालगतच सिंदी मेघेला आलो. पेटीही आली. तिच्यात आता रजया असतात. चादर घसरली की कॉलेजचं नाव दिसतं आणि नव्याने आलेला पाहुणा हमखास विचारतो, "वा, घरात इंजिनिअर आहे वाटते?" तेव्हा आई चहाचं विचारायला लागते, आणि बाबा उठून अंगणात जातात.

ती अक्षरं बुजवायला मी एकदा काळा रंग आणला, ब्रश आणला, पॉलिश पेपर आणला. बाबांनी ते माझ्या हातून घेतलं. "तुले नाई जमत. पाटीचं काम आहे. मी करतो," म्हणाले. डबा उघडला, ढवळला, पेटीसमोर पाट टाकून बसले. बसूनच राहिले. मग झाकण लावून डबा पेटीवर ठेवला. त्या डब्यातला रंग वाळून दगड झाला, मी दुसरा आणला. तोही तिथेच आहे.

दर महिन्याच्या कामांची यादी करताना आधीच्या महिन्यातलं राहिलेलं वर घ्यायचं, ही माझी पद्धत आहे. या महिन्यातही पहिलं काम तेच आहे: पेटीला रंग.